परमुलखातली चूल आणि इथला कायदा

चाळीसगाव हे जंक्शनचे गाव. मुंबई-भुसावळ लोहमार्गावर धुळ्याची शाखा येथून फुटते, आणि कन्नडचा घाट उतरून मराठवाड्यातील वाहतूकही येथेच येऊन मिळते. जेथे वाटा एकत्र येतात तेथे माणसे थांबतात, आणि जेथे माणसे थांबतात तेथे चूल पेटते. खानदेशातील अशा गावांत संध्याकाळी बाजारातून चालत गेले की त्या चुलींची मुलुखगिरी ध्यानात येते. कोपऱ्यावर उत्तर प्रदेशातून आलेल्या तरुणाची पाणीपुरीची गाडी असते, पलीकडे राजस्थानी हलवायाचे मिष्टान्न भांडार, पुढे दाक्षिणात्य इडली-डोशाचे दुकान, आणि रात्री उशिरापर्यंत नेपाळी मुलांनी चालवलेली चायनीजची गाडी. शेवभाजी आणि भरीत-पुरी खाणाऱ्या या मुलखाने परक्या चवींना कधी नकार दिला नाही.

ही माणसे परप्रांतीय आहेत, असे सहज बोलले जाते. पण ज्या पेढ्यांवर बसून हे बोलले जाते त्यांतील बहुतेकांच्या जुन्या वह्या उघडल्या, तर पहिल्या पानावर मारवाडातील किंवा गुजरातेतील एखाद्या गावाचे नाव निघेल. 1860 च्या दशकात रेल्वे खानदेशात आली, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, आणि त्या काळात व त्याच्या मागेपुढे अनेक जैन कुटुंबांनी या काळ्या मातीच्या प्रदेशात दुकाने मांडली. त्यांनाही तेव्हा येथील भाषा येत नव्हती, मामलेदार कचेरीतील कागद वाचता येत नव्हते, आणि जामीन राहणारा कोणी भेटला तरच गाळा मिळत होता. चार पिढ्यांनंतर तीच कुटुंबे गाळ्यांची मालक आहेत, तेल-बेसन-मैद्याची घाऊक विक्रेती आहेत. नव्याने येणाऱ्याची चूल त्यांच्या भिंतीच्या आधाराने आणि त्यांच्या उधारीवर पेटते. म्हणून त्या चुलीवर शिजणाऱ्या अन्नाचा प्रश्न त्यांच्या उंबऱ्यापासून फार दूर नाही.

हा प्रश्न अन्नसुरक्षेच्या कायद्याचा आहे. 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा मागे पडून 2006 चा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 5 ऑगस्ट 2011 पासून अंमलात आला. जुन्या कायद्याचा सारा भर भेसळ पकडण्यावर होता. नव्या कायद्याने अन्न कोठे, कोणत्या पाण्याने, कोणाच्या हातून आणि कशा भांड्यात तयार होते, हेही विचारायला आरंभ केला. अन्नाचा व्यवसाय करणारा कोणीही त्यातून सुटत नाही. हातगाडीवाला आणि डबे पोहोचवणारी गृहिणीदेखील नाही. 2011 च्या विनियमांनी वार्षिक 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला नोंदणी आणि त्यापुढील व्यावसायिकाला परवाना अशी विभागणी आखून दिली. लहान व्यावसायिकाच्या नोंदणीचे शुल्क वर्षाला अवघे 100 रुपये ठरवले गेले. अर्ज भरण्यापूर्वी चालू मर्यादा आणि शुल्क पाहून घ्यावे, हे ओघाने आलेच. छायाचित्र, ओळखपत्र, जागेचा पुरावा आणि ऑनलाइन अर्ज एवढे जमले की बहुतेक काम झाले.

कागदावर इतके सोपे असलेले हे काम प्रत्यक्षात कोठे अडते?

समजा, बिकानेरकडचा एक हलवाई चाळीसगावात येऊन पाच वर्षे झाली आहेत. सारा बाजार त्याला महाराज म्हणतो. त्याचा हात चांगला आहे, गिऱ्हाईक बांधलेले आहे. एके दिवशी अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी येतात, दुकान पाहतात आणि नोंदणीचा कागद मागतात. महाराजांकडे कागद नाही. तो का नाही, याची कारणे एकेक करून पाहिली तर त्यात महाराजांचा आळस फार थोडा निघतो.

पहिले कारण भाषेचे. अर्ज इंग्रजीत, सूचना मराठीत आणि महाराजांचे वाचन जेमतेम हिंदीपुरते. त्यामुळे ते एखाद्या मध्यस्थाला गाठतात. तो शंभर रुपयांच्या नोंदणीसाठी कित्येक पट रक्कम घेतो, स्वतःचाच मोबाईल क्रमांक अर्जात घालतो, आणि वर्षाने नूतनीकरणाची आठवण त्या क्रमांकावर येते तेव्हा महाराजांना तिचा पत्ता नसतो. नोंदणी संपते आणि दुकान चालूच राहते. शासनाला चुकवण्याचा विचारही त्यांच्या मनात आलेला नसतो, तरी कायद्याच्या दृष्टीने ते विनानोंदणी ठरतात.

दुसरे कारण गाळ्याचे. जागेचा पुरावा म्हणून भाडेकरार लागतो. गाळामालक तो लिहून देत नाही. भाडेकरू कायमचा होऊन बसेल ही धास्ती असते, कधी भाड्याचा पूर्ण आकडा कागदावर येऊ नये असेही वाटते. या धास्तीला कारणे असतील. न्यायालयात वर्षानुवर्षे रखडलेले गाळ्यांचे दावे व्यापारी कुटुंबांनी पाहिले आहेत. पण त्याला लेखी मुदतीच्या आणि नोंदणीकृत करारासारखा चांगला उपाय दुसरा नाही. तोंडी व्यवहारात मालकाचेही रक्षण होत नाही आणि भाडेकरूचेही. करार नाकारला की मालक नकळत आपल्या भाडेकरूला कायद्याबाहेर ढकलतो, आणि मग तोच मालक बाजारात सांगत फिरतो की ही बाहेरची माणसे नियम पाळत नाहीत.

तिसरे कारण इमारतीचे. विनियमांच्या चौथ्या परिशिष्टात स्वयंपाकाच्या जागेची स्वच्छता सविस्तर सांगितली आहे. धुता येईल अशी जमीन व भिंती, झाकलेले गटार, धूर जाण्याची वाट, हात धुण्याची सोय, पिण्यायोग्य पाणी आणि कीटक-उंदरांना अटकाव, या त्यातील ठळक गोष्टी. यांतील किती गोष्टी भाडेकरूच्या हातात असतात? तो भांडी घासू शकतो. पण मागच्या भिंतीतून सांडपाण्याची नळी काढायला मालकाची परवानगी लागते. एक फरशी, एक नळ, एक जाळी यांचा खर्च एका दिवाळीच्या मिठाईएवढा असतो, पण तो कोणी करायचा या वादात वर्षे निघून जातात.

चौथे कारण घाऊक दुकानाचे आहे, आणि ते व्यापारी कुटुंबांना सर्वांत जवळचे. परवान्याच्या अटींप्रमाणे माल नोंदणीकृत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावा लागतो आणि त्याची नोंद ठेवावी लागते. 1 जानेवारी 2022 पासून अन्नव्यवसायाच्या बिलावर परवाना किंवा नोंदणी क्रमांक छापणे बंधनकारक झाले. उद्या महाराजांच्या बेसनात काही दोष निघाला, तर ते बेसन कोठून आले हे दाखवणारा पुरावा म्हणजे पक्के बिल. ते नसेल तर दोष महाराजांच्या माथी येतो आणि मूळ गोणी कोठून आली हे कधीच कळत नाही. चिठ्ठीवर माल देणारा व्यापारी आपला थोडा त्रास वाचवतो, परंतु आपल्या गिऱ्हाइकाचे संरक्षण काढून घेतो. सुट्या तेलाचेही तसेच. सुटे खाद्यतेल विकण्यास बंदी आहे आणि तेलाचा एकदा वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा तेल भरण्यासाठी वापरू नये, असा नियम आहे. हा नियम हातगाडीच्या आधी पेढीवर मोडतो.

म्हणजे महाराजांच्या दुकानातील त्रुटींची यादी केली, तर तिच्यातील अर्ध्या ओळींपुढे शेटजींचे नाव लिहावे लागेल. हे कटू असले तरी यातच उपायही आहे. ज्याच्या हातात गाळा, बिल आणि उधारी आहे, त्याच्या शब्दाला जे वजन आहे ते अधिकाऱ्याच्या नोटिशीलाही नाही.

नोटिशीविषयीही एक गैरसमज दूर व्हावा. कायद्याच्या कलम 32 मध्ये सुधारणा-नोटिशीची तरतूद आहे. त्रुटी काय आहेत, त्या कशा दूर करायच्या आणि किती दिवसांत, हे त्या नोटिशीत लिहावे लागते. आणि ही मुदत 14 दिवसांपेक्षा कमी असू शकत नाही. एवढ्या दिवसांत फरशी बसते, टाकी धुऊन निघते, जाळ्या लागतात, कामगारांची वैद्यकीय तपासणी होते. पण नोटीस वाचता न आल्याने माणूस घाबरतो, गाडी गुंडाळून गावी निघून जातो किंवा कोणाला तरी पैसे देऊन प्रकरण मिटवण्याच्या मागे लागतो. अशा वेळी शेजारच्या पेढीवर कोणी तो कागद नीट वाचून दाखवला आणि म्हटले, "महाराज, घाबरू नका, हे बंद करण्याचे पत्र नाही, दुरुस्तीचे आहे," तर एक संसार उखडण्यापासून वाचतो.

कागदाचे काम झाल्यावर खरे काम सुरू होते. नोंदणीची चौकट भिंतीवर लावली म्हणून अन्न सुरक्षित होत नाही. नियम समजले तरच पाळले जातात, आणि त्यामागील कारण कळले तरच ते समजतात.

चायनीजच्या गाडीचे उदाहरण घ्यावे. भात दुपारी शिजवून ठेवतात आणि संध्याकाळी परततात, कारण गार भात सुटा राहतो. खानदेशात वैशाखात पारा 44-45 अंशांवर जातो. भातात एका जिवाणूचे असे बीज असते की ते शिजवण्याच्या उष्णतेतही टिकून राहते. भात तासन् तास कोमट राहिला की ते अंकुरते, वाढते आणि विष तयार करते. ते विष पुन्हा कढईत परतल्याने नष्ट होत नाही. म्हणून गरम अन्न 60 अंशांच्या वर आणि थंड अन्न 5 अंशांच्या खाली ठेवावे, मधल्या पट्ट्यात ते रेंगाळू देऊ नये, असा दंडक आहे. त्या तरुणाला नुसते "भात उघडा ठेवू नकोस" म्हटले तर तो त्यावर झाकण घालील, आणि विष झाकणाखाली तयार होईल. भात थोडा थोडा शिजवावा, पसरट परातीत लवकर गार करून शीतकपाटात ठेवावा, हे कारणासह सांगितले तर तो करील. कारण आपल्या हातचे खाऊन कोणी आजारी पडावे, असे कोणत्याच स्वयंपाक्याला वाटत नाही.

पाणीपुरीत सारा जीव पाण्यात असतो. ते पाणी उकळले जात नाही, त्यात हात बुडतो आणि तेच पाणी पोटात जाते. विषमज्वर आणि कावीळ याच वाटेने येतात. स्वच्छ पिण्याचे पाणी, तोटीचे भांडे, लांब दांड्याची पळी आणि नखे कापलेले, साबणाने धुतलेले हात, एवढ्याने मोठा धोका टळतो. पावसाळ्यात तर हे अधिकच पाळावे लागते. 31 ऑगस्ट 2021 च्या पुरात तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावच्या वस्तीत आणि दुकानांत शिरले, ते गाव विसरलेले नाही. पुराचे पाणी लागलेले धान्य, पीठ वा मसाला वाळवून वापरता येत नाही, तो फेकावाच लागतो. अशा वेळी लहान व्यावसायिकाला फेकण्याचे धैर्य यावे म्हणून घाऊक व्यापाऱ्याने जुनी उधारी थोडी पुढे ढकलावी लागते. अन्नसुरक्षेचा असा एक हिशेब वहीतही असतो.

तळणाच्या कढईबद्दल 1 जुलै 2018 पासून नियम आहे. वारंवार तापवल्याने तेलात जी ध्रुवीय संयुगे तयार होतात, त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. हातगाडीवर ते मोजण्याचे यंत्र नसते. पण तेल काळपट झाले, दाट झाले, लवकर धुरावू लागले, वर फेस टिकू लागला, की त्याची वेळ संपली हे डोळ्यांना दिसते. दिवसाला 50 लिटरपेक्षा अधिक तेल तळणासाठी वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची असते. जुन्या तेलात नवे तेल ओतत राहण्याची सवय मोडणे हे या साऱ्यात सर्वांत कठीण, कारण तेल महाग आहे. वापरलेले तेल जैवइंधनासाठी गोळा करण्याची योजना केंद्रीय प्राधिकरणाने 2018 मध्येच सुरू केली. एकेकट्या गाडीवाल्याचे दोन लिटर कोणी न्यायला येत नाही. दहा-वीस दुकानांचे तेल एका पेढीवर जमा झाले, तर येऊ शकते.

मिठाईच्या ताटावरील तारखेचा नियम वाचताना मात्र जैन घरातील वडीलधाऱ्यांना ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटेल. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढे ती कधीपर्यंत खाण्यास योग्य आहे, हे लिहिणे बंधनकारक झाले. प्राधिकरणाच्या मार्गदर्शक यादीत कलाकंद त्याच दिवशी, रसगुल्ला-रसमलाईसारखे पदार्थ दोन दिवसांत संपवावेत असे म्हटले आहे, तर बेसनाच्या लाडवाला लांबची मुदत आहे. पदार्थाला मुदत असते आणि ती ऋतूप्रमाणे बदलते, ही कल्पना श्रावकाच्या स्वयंपाकघरात फार जुनी आहे. श्वेतांबर परंपरेत मिठाईचा काळ पावसाळ्यात 15, उन्हाळ्यात 20 आणि हिवाळ्यात 30 दिवसांचा मानतात. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा अनुक्रमे 3, 5 आणि 7 दिवसांची पाळतात. हे आकडे आणि कायद्याचे आकडे एकच नाहीत. खव्याच्या मिठाईला कायद्याची मुदत पुष्कळ कमी आहे, आणि दोहोंत जी कमी ती पाळावी हेच शहाणपणाचे. पण गाळून घेतलेले पाणी, झाकलेले भांडे, मुदत संपताच टाकून दिलेले पीठ यांची सवय असलेल्या घराला हे नियम दुसऱ्याला समजावून सांगणे सोपे जावे. चौथ्या परिशिष्टातील स्वच्छता जयणेपेक्षा फार वेगळी नाही, फक्त तिची भाषा सरकारी आहे.

परदेशात हे काम शासनाने कसे केले, तेही पाहण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी आणि चिनी कुटुंबांची हजारो लहान उपाहारगृहे आहेत. तेथील अन्न मानक संस्थेने लहान व्यावसायिकांसाठी साध्या भाषेतील वह्या तयार केल्या, आणि भारतीय उपखंडातील तसेच चिनी स्वयंपाकासाठी त्यांच्या वेगळ्या आवृत्त्या काढल्या. मालकाने रोज त्या वहीत खूण करायची आणि काही बिघडले तर ते लिहायचे. तपासणीला आलेला अधिकारी तीच वही पाहतो. कायदा एकच राहिला, पण तो त्या त्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितला गेला. चाळीसगावसारख्या गावात ही वही बनवायला मोठी संस्था लागत नाही. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला हिंदी असे एक पान पुरे. पाणी कोठून घेतले, टाकी कधी धुतली, तेल कधी बदलले, कोणता कामगार आजारी आहे, आज काय फेकले, एवढे रकाने. मुनिमाची वही पिढ्यान् पिढ्या लिहिणाऱ्या घरांना रकाने आखायला कोणी शिकवावे लागत नाही.

काही जण म्हणतील, हा उपद्व्याप व्यापाऱ्याने का करावा? अधिकारी आहेत, नगरपरिषद आहे, कायदा आहे. शिवाय आज महाराजांना मार्ग दाखवला, तर उद्या ते समोरच दुकान थाटतील. ही शंका खोटी नाही. बाजारात असे घडते. पण दुसरी बाजूही वहीत मांडावी. संध्याकाळी त्या गाडीभोवती उभी असलेली मुले कोणाची आहेत? शिकवणीवरून परतणारी, दोन स्टेशनांवरून रोज ये-जा करणारी, याच घरांतील आणि शेजारच्या घरांतील. जी कुटुंबे बाहेरचे खात नाहीत, त्यांच्या दुकानातील कामगार खातात, गिऱ्हाइके खातात. आणि गाडी बंद पडली तर तेल-मैद्याची उधारीही तिच्याबरोबर बुडते. माणुसकी क्षणभर बाजूला ठेवली, तरी हा व्यवहार तोट्याचा नाही.

मुंबईत उडुपीकडून आलेल्यांनी खाणावळी काढल्या, इराण्यांनी कोपऱ्यावरचे चहाचे उपाहारगृह काढले. धोबी तलावचे कयानी 1904 पासून चालू आहे, माटुंग्यात रामा नायकांचे उडुपी भोजनालय 1942 पासून. ही नावे आता मुंबईचीच मानली जातात. परमुलखातली चूल अशी मुळे धरते तेव्हा तिच्यामागे गाळा देणारे आणि पहिली गोणी उधार देणारेही कोणीतरी असते. त्यांची नावे कोठे राहत नाहीत.

चाळीसगावात, जळगावात, धुळ्यात ज्यांचे गाळे आहेत त्यांनी या वर्षी एवढे करावे. भाडेकरूला लेखी करार द्यावा. सांडपाण्याची आणि हात धुण्याची सोय मालकाने करून द्यावी. घाऊक दुकानातून प्रत्येक लहान गिऱ्हाइकाला परवाना क्रमांकाचे पक्के बिल जावे, मग खरेदी पाच किलोची का असेना. घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलींनी चातुर्मासात एखादी दुपार काढून चार जणांचे नोंदणीचे अर्ज भरून द्यावेत. त्यात मोबाईल क्रमांक त्या माणसाचाच घालावा, आणि नूतनीकरणाची तारीख त्याच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहावी. शुल्काचे शंभर रुपये त्यालाच भरू द्यावेत, म्हणजे तो कागद त्याला आपला वाटेल.